मालकाचं पाणी

पंतजींच्या कुठल्याही सदऱ्याला खिसा नव्हता. खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या त्यांच्या शिंप्याला तशी ताकीदच होती. एकदा शिंप्याच्या मुलाने सवयीने खिसा लावला, तर पंतजींनी दुकानात उभे राहून तो उसवून घेतला. "खिसा दिसला की त्यात काहीतरी टाकावं असं कोणाला तरी वाटतं," ते म्हणाले. मग रुमाल कमरेला, चष्मा कायम हातात, आणि युनियनच्या कचेरीची किल्ली जानव्याला. जानवे लांबीला बेताचे. कुलूप उघडताना त्यांना दाराशी पोट टेकून वाकावे लागे. मागे उभे असलेले कामगार हसत. "पंतजी ताले को जनेऊ पहना रहे हैं," असे कोणीतरी म्हणेच. पंतजीही हसत, पण किल्लीची जागा त्यांनी बदलली नाही.

पंतजी हे नाव कामगारांनी दिलेले. मी त्यांना काका म्हणत असे, कारण दर्पण कॉलनीत आमची घरे एका भिंतीला होती. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहराबाहेर बिस्किटांचा कारखाना आहे, तिथे ते फिटर होते आणि मी प्रयोगशाळेत. मैद्यातला ओलावा बघायचा, साखर बघायची, कागदावर सही करायची, हे माझे काम. सकाळी इंदरगंजच्या चौकातून कंपनीची बस सुटे. मी पुस्तक उघडून बसत असे. ते मागून डोकावत आणि विचारत, "काय गं, मजूर आला का तुझ्या पुस्तकात?" मी नाही म्हणाले की म्हणत, "मग येईल. शेवटच्या पानावर मरायला येईल."

त्यांचे पणजोबा इथल्या मराठी संस्थानाच्या दरबारात कारभारी होते. घरात त्या काळची एक चांदीची अत्तरदाणी होती, आणि नातेवाइकांच्या बोलण्यात तो काळ अजून संपलेला नव्हता. अशा घरातल्या मुलाने हातात पाना धरला, याचे दुःख त्यांच्या वडिलांनी अखेरपर्यंत केले. पंतजींना त्याचे काही नव्हते. ते म्हणत, "पणजोबांनी इतके मुजरे केले की आमच्या चार पिढ्यांचे मुजरे संपले. माझ्या वाट्याला एक पण उरलेला नाही." आणि खरोखरच ते कोणत्याही अधिकाऱ्याला नमस्कार करीत नसत. कारखान्याच्या मॅनेजरला ते "सरकार" म्हणत. त्या शब्दात इतका आदर भरत की मॅनेजरला राग यायचा, पण बोट ठेवायला जागा सापडायची नाही.

ते बोलणीच्या वेळी कधी बसले नाहीत. मॅनेजरच्या खोलीत बाकीचे चार प्रतिनिधी खुर्च्यांवर आणि पंतजी मागे भिंतीशी उभे. हातात फिरकीचा तांब्या. प्रवासात नेतात तसला, पितळी, झाकण फिरवून बंद करायचा. त्यात घरचे पाणी. बोलणी दुपारपर्यंत चालली तरी तेवढ्यावर भागवीत. "मालकाचं पाणी प्यायलं की आवाज पातळ होतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. ते हिंदीतही तेवढ्याच ठसक्याने म्हणत, आणि पुढे युनियनच्या सगळ्या प्रतिनिधींसाठी तो नियमच झाला.

त्या तांब्यामुळे सुरुवातीला त्यांच्याविषयी वाईट समज झाला होता. दक्षिणी, म्हणजे मराठी, पंडित आहे, छुआछूत पाळतो, असे भट्टीवरची माणसे म्हणू लागली. एका उन्हाळ्यात ते भट्टी दुरुस्त करायला आत गेले. बाहेर आले ते भाजून निघाल्यासारखे. रामसेवक नावाचा भट्टीवरचा कामगार आपल्या मडक्यातले पाणी पीत होता. पंतजींनी त्याच्या हातातला पेला घेतला, उष्टाच, आणि घटाघट प्यायले. मग पेला परत देत म्हणाले, "ये मालिक का पानी नहीं है." त्या दिवसापासून रामसेवक त्यांचा माणूस झाला. युनियन त्या दोघांनी मिळून उभी केली. एकाच्या जिभेवर कायदा आणि दुसऱ्याच्या पाठीशी भट्टीवरची सगळी माणसे.

घरी काकू त्रासलेल्या. काकूंना चहात बिस्किट बुडवून खायची आवड. कंपनी कामगारांना तुटक्या बिस्किटांची पिशवी स्वस्तात देत असे. पंतजी ती आणीत नसत. दुकानातून दुसऱ्याच कंपनीचा पुडा पूर्ण किमतीला आणीत. "अगं, मी काय म्हणते, तिथले मजूर पण मजूरच आहेत न?" काकू मला विचारत. "त्यांच्या मालकाचं खाल्लेलं चालतं, आपल्या मालकाचं चालत नाही. मी लग्न करून नवरा नाही आणला, मागणीपत्रक आणलं." पंतजी वर्तमानपत्रामागून म्हणत, "आणि अजून मंजूर केलेलं नाही."

अशी माणसे लांबून फार आवडतात. मलाही आवडत होती.

रामसेवकाची गोष्ट त्यानंतरची. बोनसची बोलणी चालू होती आणि पंतजी एका दुपारी दुसऱ्या कामात अडकले, म्हणून रामसेवक एकटा आत गेला. त्याला ताप होता. मॅनेजरने त्याचा चेहरा बघून चहा मागवला आणि रामसेवक तो प्यायला. काचेतून कोणीतरी पाहिले. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी सभा झाली. फाटकसभा म्हणजे पाळी सुटायच्या वेळी, निंबाखाली. आमची बस तिथेच उभी असे, म्हणून मी सगळे ऐकले.

"चाय पी है या नहीं पी?" पंतजींनी विचारले.

"पी है, पंतजी. बुखार था."

"बुखार में दवा पीते हैं."

लोक हसले. रामसेवकही हसायला गेला, मग त्याला कळले की हे हसण्यावारी जाणार नाही. त्याने फक्त एवढेच विचारले, "आप मुझे जानते नहीं हो?" पंतजी म्हणाले, "मैं जानता हूं. ये सब कैसे जानेंगे?" त्याला कार्यकारिणीतून काढले. पुढे कित्येक दिवस लोक ती गोष्ट एकमेकांना सांगत होते. आपल्या उजव्या हातालाही सोडले नाही, असा नेता कुठे मिळतो! कंपनीने बोनस दिला. रामसेवक परत भट्टीवर गेला आणि पंतजींशी बोलेनासा झाला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. कारखान्यातले पॅकिंगचे काम बायका करीत. सगळ्या ठेकेदाराच्या. वर्षानुवर्षे त्याच पट्ट्यावर त्याच जागी उभ्या, पण कंपनीच्या हजेरीवर एकीचेही नाव नाही. आजारी पडली की दुसरी आणायची, बाळंत झाली की तिसरी. त्यांच्यात कमला म्हणून एक होती. नवरा नसलेली, दोन मुली, तोंडाने फटकळ. माझ्याकडे नमुन्याचे पुडे तीच आणी. "मैडम, बिस्कुट की तबीयत देख लो, हमारी तो कोई देखता नहीं," म्हणे आणि पुडे टेबलावर आपटून जाई.

या बायकांना कंपनीच्या हजेरीवर घ्या, अशी मागणी पंतजींनी लावून धरली. कायम कामगारांना तिचे फारसे सोयरसुतक नव्हते. त्यांना पगारवाढ हवी होती. "पहले अपनी देखो, पंतजी," असे त्यांना तोंडावर सांगणारे होते. पंतजींनी एकेकाच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून, त्यांच्या बायकांसमोर त्यांना लाज आणली, आणि संप झाला. भाद्रपद लागलेला. दिवाळीच्या डब्यांची सगळी मागणी त्या दिवसांत भरायची असते. ओव्हन थंड पडले तशी कंपनी घाबरली. बायकांच्या मागणीवर बोलू, असा निरोप पहिल्यांदाच आतून आला. बोलणीचा दिवस ठरला. कमला मला रस्त्यात भेटली तेव्हा तिने ठरवून टाकले होते की पहिल्या कायम पगारातून धाकटीचे नाव चांगल्या शाळेत घालायचे.

कंपनीने त्याच सुमारास कामगार विभागाला नवा अधिकारी आणला होता. मराठी, पुण्याकडचा, तरुण. त्याने घर घेतले ते आमच्या कॉलनीत. गणपती बसले.

आमच्याकडे गणपतीत आरतीची एक पद्धत आहे. कॉलनीत मराठी घरे मोजकीच. संध्याकाळी सगळे मिळून निघतात आणि ज्या-ज्या घरी गणपती आहे तिथे जाऊन आरती करतात. मुले एव्हाना हिंदीत बोलत असतात, पण आरती मराठीत म्हणतात, निम्मे शब्द न कळता. या फेरीचे पुढारीपण पंतजींचे. त्यांच्याइतका खणखणीत आवाज कोणाला नव्हता, आणि मंत्रपुष्पांजली न अडखळता संपवणारे तेच उरले होते. त्या वर्षी फेरीत नवे घर आले. अधिकाऱ्याचे.

त्याच्या फाटकापाशी सगळे जरा घुटमळले. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, राहू दे. तुम्ही इथेच थांबा, आम्ही जाऊन येतो."

"का? गणपती कोणाच्या घरी बसला म्हणून काय तो त्याच्या बाजूचा झाला?" पंतजी म्हणाले आणि आत शिरले.

अधिकारी दारात आला, वाकून त्यांच्या पाया पडला. म्हणाला, "काका, इथे मी साहेब नाही."

"आणि मी इथे फिटर नाही. झांजा कुठे आहेत?"

आरती उत्तम झाली. पंतजींचा आवाज त्या दिवशी विशेष लागला होता. मग सगळ्यांच्या हातावर खिरापत पडली. निघणार तोच अधिकाऱ्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, कोकणातली म्हातारी. तिने पाट मांडून ठेवला होता. पानात उकडीचे मोदक. "सांगणाऱ्याने बसायचं," ती म्हणाली. "आमच्याकडे आरती सांगणाऱ्याला असं पाठवत नाहीत. देवाचं पान आहे, नाही म्हणू नका." तिला संप ठाऊक नव्हता. मला आजही तसेच वाटते. पंतजींनी काकूंकडे पाहिले. काकूंनी मान खाली घातली, कारण देवाच्या पानाला नाही म्हणायचे कसे, हे आमच्यापैकी कोणालाच शिकवलेले नाही. पंतजी बसले. अधिकाऱ्याने स्वतः वाकून तूप वाढले. अधिकाऱ्याच्या बायकोने मोबाइल काढला आणि फोटो काढला, जसा प्रत्येक घरी प्रत्येक जण काढतो. घरी पोचेपर्यंत तो आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर आला होता. खाली कोणीतरी हात जोडलेले, कोणी फुले टाकलेली.

तिथून तो कोणी पुढे पाठवला ते कळले नाही. ठेकेदाराची माणसे म्हणाली त्यांना कंपनीतून आला, कंपनी म्हणाली त्यांना काही ठाऊक नाही. सकाळी फाटकापाशी जमलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात तो होता. पाटावर बसलेले पंतजी, पुढे भरलेले पान, आणि वाढायला वाकलेला साहेब. ज्या दिवशी बोलणी व्हायची होती तोच हा दिवस.

संपामुळे कामगार बाहेर होते, आम्ही ऑफिसवाले आत जात होतो. मी बसमधून उतरले ती तिथेच थांबले. पंतजी आले तेव्हा नेहमीसारखी वाट झाली नाही. त्यांना लोकांमधून वाट काढावी लागली. कोणीतरी मागून म्हणाले, "मालिक के घर जीम के आए हैं." मग रामसेवक पुढे आला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होता.

"खाया है या नहीं खाया?" त्याने विचारले.

त्याचा आवाज मोठा नव्हता. पंतजींनी त्याच्याकडे पाहिले. मला वाटते, त्या घटकेला त्या दोघांनाच सगळे ठाऊक होते आणि बाकीचे आम्ही प्रेक्षक होतो.

बायका एका बाजूला उभ्या होत्या. कमला ओरडली, "बोल दो पंतजी, परसाद था! परसाद में क्या है! हम सब खाते हैं!" दुसऱ्या बायकाही ओरडू लागल्या. पुरुषांतलेही काही जण म्हणाले, हां, परसाद की तो बात अलग है. पुष्कळांना ते मान्य करायचे होते. नुसते एक वाक्य हवे होते, आणि ते खरे होते.

पंतजी म्हणाले, "खाया है."

"परसाद था न?" कमलाने पुन्हा विचारले. आता ती ओरडत नव्हती, विनवत होती.

"रामसेवक को भी बुखार था," पंतजी म्हणाले. त्यांनी सदऱ्यात हात घातला, जानव्याची गाठ सोडवली, आणि किल्ली रामसेवकाच्या हातात ठेवली. मग वळून बसथांब्याकडे चालू लागले. कोणी हसले नाही. मागे कोणी गेले नाही. काही माणसांच्या डोळ्यांत पाणी होते, तेही मी पाहिले. कमला मात्र त्यांच्या मागे थोडी धावली आणि मध्येच थांबली.

बोलणी ठरल्या वेळी झाली. रामसेवक आत गेला, खुर्चीवर बसला, समोर आलेला चहा प्यायला. त्याला अडवणारा नियम आता कोणाकडेच नव्हता. कायम कामगारांना पगारवाढ मिळाली, मागितली त्याच्या जवळपास. ठेक्यावरच्या बायकांचा प्रश्न "पुढे सहानुभूतीने विचारात घेऊ" या शब्दांत मिटला. संध्याकाळी ओव्हन पेटले. दिवाळीची मागणी भरली गेली. दिवाळी झाल्यावर कंपनीने ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने नव्या बायका आणल्या. जुन्यांना फाटकावरच्या चौकीदाराने सांगितले की तुमचे नाव आत नाही. ते खरेच होते, त्यांचे नाव आत कधीच नव्हते.

मी पंतजींकडे गेले. ते अंगणात तुळशीची माती उकरीत बसले होते.

"काका, प्रसाद होता एवढं म्हणायचं होतं," मी म्हणाले.

"आणि रामसेवकाला काय सांगू? त्याचा ताप खोटा होता?"

"त्याला चूक झाली म्हणायचं. नियम चुकला म्हणायचं. बायकांचं झालं असतं."

"माझ्यासाठी नियम वाकला असता तर उद्या त्याला कोणी मानलं नसतं, बेटा. युनियन राहिली नसती."

"आता राहिली का?"

त्यांनी बोटांची माती झटकली आणि पाणी आणायला आत गेले. ते बाहेर यायच्या आत काकू दारात आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांनी स्वतःला राखलं गं. फक्त स्वतःला. लग्नापासून बघते आहे मी." मग पदर तोंडाला लावून आत वळल्या.

मी त्यावर खूप विचार केला आहे. त्यांना लोभ नव्हता, भीती नव्हती. कोणत्याही मालकाला त्यांना विकत घेता आले नसते. पण विकत घ्यायची गरजच पडली नाही. स्वतःच्या स्वच्छतेवर त्यांचे एवढे प्रेम होते की तिच्यासाठी दुसऱ्यांची भाकरी देऊन टाकताना आपण काय देतो आहोत हे त्यांना दिसले नाही. किंवा दिसले आणि तरी दिले. यातले कोणते, हे मला त्यांना विचारायचे होते. नंतर आम्ही रोज भिंतीवरून बोललो, पाण्याच्या वेळा, वर्तमानपत्र, काकूंचे गुडघे. ते तेवढे विचारायचे राहिले, आणि ते या उन्हाळ्यात गेले. झोपेत गेले. मला त्यांची फार आठवण येते, आणि प्रत्येक आठवणीशी मी भांडते.

मराठी समाजाच्या सभागृहात शोकसभा झाली. तोच अधिकारी आला होता. आता तो कंपनीत बराच वर चढला आहे, कपाळावरचे केस मागे हटले आहेत. त्याने फोटोला हार घातला आणि चांगल्या मराठीत भाषण केले. काकांसारखा तत्त्वनिष्ठ माणूस आपण पाहिला नाही, असे तो म्हणाला. तो हे मनापासून म्हणत होता, असे मला वाटते. शेवटी म्हणाला, "असे युनियन नेते प्रत्येक कारखान्याला मिळोत, एवढीच प्रार्थना." लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत काकू ताठ बसून होत्या.

कमला शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी होती. बातमी तिला कोणी सांगितली ठाऊक नाही. हल्ली ती एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. धाकटीही तिथेच तिच्या हाताखाली आहे. सबंध सभा मराठीत चालली होती. तिने मला कोपराने हलवले.

"क्या बोले साहब?"

मी सांगितले.

ती फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साहब को तो मिल गए थे. चाहिए हमें थे." ती उठली, पायात चपला सरकवल्या, आणि माणसे फुले वाहायला रांग लावत होती तिकडे न जाता बाहेर गेली, कारण संध्याकाळच्या पोळ्यांची वेळ झाली होती.